नऊ पॉइंट चार की आठ पॉइंट सहा?

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागांवर बाहेरच्या कॉलेजांतली मुलं बदलीने घेतात. फर्स्ट इयर झाल्यावर कुणी पुन्हा जेईई देऊन निघून जातं, कुणी मेडिकलला, आणि जागा सुटते. यंदा हे अर्ज बघणाऱ्या समितीत माझं नाव होतं. मी खुशीत होतो. बारावीच्या वयात दिलेल्या एका सीईटीवर पुढची चार वर्षं बांधली जाऊ नयेत, फर्स्ट इयरला चमकलेल्या मुलाला वरच्या कॉलेजात जाता यावं, हे माझं जुनं मत.

अर्जांचा गठ्ठा सुटला आणि निम्म्याहून जास्त अर्ज तासाभरात बाजूला पडले. सगळे कॉम्प्युटरचे. बदली त्याच शाखेत मिळते आणि कॉम्प्युटरला आमच्याकडे एकही जागा नव्हती. असणार कशी? तिथं सुटलेली जागा आधी आमच्याच मेकॅनिकलच्या टॉपरला ब्रँच बदलून मिळते, त्याची मेकॅनिकलची जागा सिव्हिलवाल्याला, असं करत रिकामी जागा खाली खाली सरकते. शेवटी उरल्या त्या मेटलर्जीच्या, म्हणजे धातुशास्त्राच्या, काही आणि सिव्हिलची एक. मेटलर्जीला अर्जच नव्हता; ती शाखा राज्यात मोजक्याच कॉलेजांत, तर बदलून येणार कोण आणि कुठून?

राहिली सिव्हिलची एक जागा आणि तिच्यासाठी दोन अर्ज.

एकाचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या विषयांची दहापैकी सरासरी, नऊ पॉइंट चार, एका स्वायत्त खाजगी कॉलेजातला. दुसरीचा आठ पॉइंट सहा, विद्यापीठाशी संलग्न असलेल्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातली. नियम एका ओळीचा: सीजीपीएच्या उतरत्या क्रमाने. समितीतले ज्येष्ठ सर पेन काढून सहीच्या तयारीत.

मी म्हटलं, जरा थांबू या. स्वायत्त कॉलेज पेपर स्वतः काढतं, स्वतः तपासतं. वरून सापेक्ष ग्रेडिंग, म्हणजे वर्गातल्या इतरांशी तुलना करून ग्रेड, असेल तर वर्गातल्या वरच्या काही जणांना सर्वोच्च ग्रेड मिळणारच, पेपर कसाही असो. संलग्न कॉलेजातल्या मुलीचा पेपर मात्र विद्यापीठाचा. शेकडो किलोमीटरवरच्या मुलांनी तोच पेपर दिला आणि तो तपासला तिला कधीही न पाहिलेल्या माणसाने. तिच्या अर्जाला प्राचार्यांचं पत्र होतं: सिव्हिलच्या फर्स्ट इयरला विद्यापीठात ती पहिल्या दहांत.

"मग काय करायचं? आठ पॉइंट सहाला नऊ पॉइंट चारच्या वर टाकायचं? उद्या त्याचा बाप कोर्टात जाईल," ज्येष्ठ सर म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. तरुण सहकाऱ्याने अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा विषय काढला. क्रेडिट म्हणजे पास केलेल्या विषयाचं वजन, आणि ते विद्यार्थ्याच्या नावावर जमा ठेवणारं हे ऑनलाइन खातं. युजीसीचे 2021 चे नियम, क्रेडिट एकीकडून दुसरीकडे नेता येतात, मग अडचण काय? अडचण अशी की त्या बँकेत क्रेडिट जमा होतात, पेपर किती अवघड होता ते जमा होत नाही.

सीईटीचे पर्सेंटाइल बघावेत असंही निघालं. तिथे मीच अडवलं. जिच्यामुळे ही मुलं खालच्या कॉलेजात पडली, तीच परीक्षा पुन्हा काट्यावर ठेवायची, तर बदलीचा घाट घालायचाच कशाला?

मग अभ्यासक्रम जुळवायला बसलो. मुलाचा इंजिनिअरिंग मेकॅनिक्स आमच्यापेक्षा एक क्रेडिट कमी, डायनॅमिक्स जवळजवळ गायब. मुलीचं सगळं जुळत होतं. पण जुळणी ही पात्रतेची अट आहे, क्रमाची नाही. ज्याचं जुळत नाही त्याने तो विषय इथे पुन्हा करायचा, एवढंच.

दुपारी तिच्या प्राचार्यांचा फोन आला. वाटलं, तिच्यासाठी रदबदली करतील. ते म्हणाले, "सर, ना हरकत दिलंय मी, पण खरं सांगू? ती गेली तर आमच्या सिव्हिलला दाखवायला कुणी उरत नाही. वर्गातली चार पोरं तिच्या वह्यांवर पास होतात." मी काय बोलणार? निर्णय व्हायचाय एवढं सांगून फोन ठेवला. वरच्या कॉलेजातून बघताना बदली म्हणजे नुसती संधी दिसते. त्या चार पोरांचा अर्ज कुठल्याच गठ्ठ्यात नसतो. तरीही तिला तिथे अडवून ठेवावं असं मला आजही वाटत नाही. चौघांना शिकवणं हे कॉलेजचं काम, तिचं नव्हे.

जागा नऊ पॉइंट चारला गेली. मी इतिवृत्तात वेगळं मत लिहून घेतलं: पुढच्या वर्षीपासून अर्जदारांची गणित आणि मेकॅनिक्सची एकच लेखी परीक्षा आम्ही घ्यावी, दोन तासांची, आणि क्रम त्यावरच लावावा. ज्येष्ठ सरांनी सही करताना विचारलं, "पेपर कोण काढणार?" मी काढतो म्हटलं. मग त्यांनी माझ्या मताखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'सहमत. विद्या परिषदेपुढे ठेवावे.' अभ्यास-परीक्षांचे निर्णय कॉलेजात तीच घेते.