आठव्या दिवसाची धास्ती

रविवार, नाकाबी (सुमोच्या पंधरा दिवसांच्या बाशोचा, म्हणजे स्पर्धेचा, मधला दिवस)

जपानातले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले दुपारचे अडीच. शेवटची झुंज संपली, धनुष्य फिरवणारा गडी दोह्योवर, म्हणजे मातीच्या आखाड्यावर, चढला, आणि तेवढ्यात दादाचा मेसेज आला : "सुटला हा. आता कोण अडवतोय?"

एवढंच. चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी चिडले. उत्तर दिलं नाही. तक्त्यात सगळ्यांच्या वर एकटंच नाव आहे, ते मला आवडणारं आहे, बाशोच्या मधल्या रविवारी याहून बरं काय हवं असतं? आणि आनंद काही केल्या होत नाही. पोटात गोळा आलाय. (नाव इथे लिहीत नाही. दृष्ट लागते. हसायचं त्याने हसावं.)

याला हिशेबाचं कारण आहे असं मी स्वतःला बजावते. आठ दिवस म्हणजे निम्म्याहून जास्त झालं, हे कॅलेंडरचं म्हणणं; जोडींचं म्हणणं वेगळं असतं. पंधरा दिवसांच्या जोडी काही आधीपासून ठरलेल्या नसतात. पहिल्या दोन दिवसांच्या बाशो सुरू व्हायच्या आधी लागतात, पुढच्या रोज आदल्या दिवशी, आणि लावणारे असतात पंच म्हणून बसणारे ओयाकाता (निवृत्त मल्ल, आता गुरू). पहिल्या आठवड्यात खालचा माएगाशिरा (वरच्या गटातला बिनपदाचा मल्ल) बांझुकेवर, म्हणजे क्रमवारीच्या यादीत, आपल्या अवतीभवती असलेल्यांशीच लढतो. योकोझुना (सगळ्यात वरचं पद) आणि ओझेकी (त्याखालचं पद) यांच्या वाट्याला कोमुसुबी (माएगाशिरांच्या लगेच वरचं पद) आणि वरचे माएगाशिरा येतात. वरचे एकमेकांना भिडतात ते दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे ओझेकीचे 8-0 (आठ विजय, शून्य हार) आणि सोळाव्या माएगाशिराचे 8-0 तक्त्यात दिसायला सारखेच, पण आत सगळा फरक. ओझेकीपुढे कोण कोण उरलंय ते आपल्याला आजच सांगता येतं. खालचा जिंकत राहिला तर नवव्या-दहाव्या दिवसापासून त्याला वर ओढतात आणि मग त्याची खरी परीक्षा सुरू होते.

मार्च 2024 मध्ये ओसाकाला ताकेरुफुजीचं हेच झालं. माकुउचीतला (सगळ्यात वरच्या गटातला) पहिलाच बाशो, बांझुकेवर तळाशी सतरावा, आणि नाकाबीला एकही हार नाही. दहाव्या दिवशी ओनोसातो दिला, तो घेतला. अकराव्या दिवशी ओझेकी कोतोनोवाका, तोही घेतला. बाराव्या दिवशी ओझेकी होशोर्यू, तिथे पहिली हार. चौदाव्या दिवशी माजी ओझेकी आसानोयामाकडून हरला आणि उजवा घोटा इतका दुखावला की चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो उतरेल असं कुणालाच वाटत नव्हतं. उतरला, गोनोयामाला पाडलं, 13-2 वर चषक नेला. पहिल्याच माकुउची बाशोत विजेतेपद, 1914 नंतर प्रथमच. दादा नेहमी हेच उदाहरण तोंडावर फेकतो. फेकू दे. एकशे दहा वर्षांत एकदा घडलेली गोष्ट हा काय पुरावा झाला?

मी नाकाबीला कागदावर चार रकाने आखते. एक, किती हारी. दोन, आघाडीवाल्याशी अजून गाठ पडायची आहे का. हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एका हारीने मागे असलेल्याची आणि पुढच्याची झुंज बाकी असेल, तर त्याचं नशीब त्याच्याच हातात. झुंज होऊन गेली असेल तर दुसऱ्या कुणीतरी आघाडीवाल्याला पाडेपर्यंत हात जोडून बसायचं. तीन, सान्याकुपैकी (माएगाशिरांच्या वरच्या पदांवरचे मल्ल) कोण कोण उरलेत. आणि चौथा रकाना तालमीचा, जो बरेच जण विसरतात. एका तालमीतले दोघे पंधरा दिवसांत एकमेकांसमोर येत नाहीत, सख्खे भाऊही येत नाहीत. ताकेरुफुजी इसेगाहामा तालमीचा, त्यामुळे योकोझुना तेरुनोफुजी त्याच्या वाटेत येणारच नव्हता. तालीम मोठी आणि तगडी असेल तर तिच्यातल्या माणसाच्या वाटेतले दगड आपोआप कमी होतात. अपवाद फक्त बरोबरी झाली तर. केत्तेईसेनमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा झुंजीत, तालीमही चालते आणि भाऊही चालतात : नोव्हेंबर 1995 ला फुकुओकात ताकानोहाना आणि वाकानोहाना या भावांना एकमेकांसमोर उभं राहावं लागलं होतं, आणि थोरला जिंकला. तो सामना मला आजही बघवत नाही. असो.

मधेच कुणी मोठा माघार घेतो. त्या दिवशीच्या जोडीदाराला फुकटचा विजय मिळतो आणि पुढच्या दिवसांच्या जोडी नव्याने मांडाव्या लागतात. मार्च 2025 मध्ये नवा योकोझुना होशोर्यू अर्ध्यातून गेला तेव्हा सगळ्यांचा तिसरा रकाना एका फटक्यात हलका झाला. त्यामुळे हे रकाने पेन्सिलीनेच भरायचे.

एवढं सगळं आखून झालं. आघाडीवाल्याचे रकाने वाईट नाहीत. खरं तर चांगले आहेत. आणि गोळा तिथेच आहे.

म्हणजे कारण हिशेबाचं नाही.

कारण आहे तो ताकायासू, माजी ओझेकी, दुसरं कोण. आघाडीची भीती मला त्याने लावली.

मार्च 2021. बारा दिवसांनी 10-2, सगळ्यांच्या पुढे. शेवटचे तिन्ही दिवस हरला. 10-5. चषक तेरुनोफुजीला. मार्च 2022, ओसाका : पहिल्या दहाच्या दहा जिंकल्या, अकराव्या दिवशी वाकाताकाकागेने थांबवलं. शेवटच्या दिवशी दोघेही 12-2, आणि दोघेही हरले! ताकायासू आबीकडून, वाकाताकाकागे शोदाईकडून. मग केत्तेईसेन. त्यातले काही क्षण मला पाठ आहेत. ताकायासू ढकलत ढकलत त्याला कडेपर्यंत घेऊन गेला. साडेचार मीटरचं वर्तुळ, त्यात आता जेमतेम पाऊल ठेवायला जागा. वाकाताकाकागेची टाच पेंढ्याच्या कडेवर, गुडघे इतके मोडलेले की आता टेकलाच. टेकला नाही. त्याच कडेवरून बाजूला सरकला, वरून पकडलेला मावाशी (कमरेचा पट्टा) खेचला आणि ताकायासूच्या अंगाचा सगळा जोर ताकायासूलाच घेऊन खाली गेला. डावाचं नाव उवातेदाशीनागे. जिंकलेली झुंज आणि हरलेली झुंज यांत वीतभर अंतर होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरला शेवटच्या दिवशी तामावाशीने हरवलं, वयाच्या सदतिसाव्या वर्षी चषक नेताना. आणि नोव्हेंबरला तर कळसच. शेवटच्या दिवशी ताकायासू 12-2, एकटा पुढे. आबी आणि ताकाकेईशो 11-3. आबीला हरवलं की विषय संपला. आबीकडून हरला. तिघांची बरोबरी, माकुउचीत 1994 नंतर पहिल्यांदा. तिघांच्या केत्तेईसेनचा नियम असा की लागोपाठ दोन जिंकायच्या. पहिलीच जोड पुन्हा ताकायासू-आबी. ताकायासू ताचीआईला, म्हणजे सुरुवातीच्या धडकेला, डोकं खाली घालून सुटला आणि क्षणात मातीत. उठायलाच वेळ लागला. पुढे आबीने ताकाकेईशोलाही घेतलं.

मार्च 2025 ला तो पस्तिशीत होता. पुन्हा 12-3, पुन्हा बरोबरी, यावेळी समोर ओनोसातो. ओनोसातोचा गुरू कोण, तर किसेनोसातो, म्हणजे ज्याच्यासोबत सराव करत ताकायासू वाढला तोच थोरला गुरुबंधू. ओनोसातोने मागून ढकलून बाहेर काढलं. मी त्या दिवशी कुणाशी बोलले नाही. आई म्हणाली, पण ते राहू दे.

आता खरं लिहायचं तर मला आघाडीच नको झाली आहे. माझा माणूस एका हारीने मागे असला की मला झोप लागते. मागे असलेल्याला फक्त जिंकायचं असतं. पुढे असलेल्याला सांभाळायचं असतं, आणि सांभाळायला लागला की सुमोत माणूस मागे सरतो. पुढे जाऊन छाती लावायच्या ऐवजी हात मानेवर टाकून खाली ओढायला जातो. ओढ बसली तर समोरचा आडवा. नाही बसली तर आपणच मागच्या पायावर आणि कड दोन पावलांवर. तेराव्या-चौदाव्या दिवशी आघाडीवाल्यांच्या हारी बघा. बऱ्याच अशाच दिसतात. ताचीआईला पहिला धक्का नीट बसतो, मग एक क्षण थांबतात, जणू कुणीतरी आता काय करू सांगणार आहे. ताकायासूचं तर अंगच असं की झुंज लांबवत न्यायची, डाव्या हाताची पकड मिळेपर्यंत वाट बघायची. तिसऱ्या दिवशी हाच धीर गुण ठरतो, आणि चौदाव्या दिवशी कंबर धरलेली असताना त्याचंच ओझं होतं.

आणि मग मला स्वतःचीच कीव येते. दुनिया योकोझुनाच्या मागे असते, सहा महिन्यांतून एकदा तरी पेढे वाटते. हे भिकेचे डोहाळे मलाच का? आठव्या दिवशी वर असणं ही माझ्यासाठी बातमी नाही, नोटीस आहे. शिवाय आणखी एक गोष्ट, जी दादाला सांगणार नाही. शर्यत बघायची म्हणजे रोज दुपारी कुणीतरी चांगला माणूस पडावा म्हणून वाट बघायची. आज ज्याच्या पडण्यावर मी टाळी वाजवली त्याच्या दोन्ही गुडघ्यांना जाड पट्ट्या होत्या, आणि... जाऊ दे.

पाणी पिऊन आले. जुने तक्ते काढले. तेव्हा लक्षात आलं की एवढं रडायचं कारण नाही, कारण हल्ली पुढे असणं म्हणावं तितकं पुढे नसतंच. पूर्वी 13 किंवा 14 विजय धरूनच चालायचं. 2022 मध्ये सहा बाशोंना सहा वेगळे विजेते : मिताकेउमी, वाकाताकाकागे, तेरुनोफुजी, इचिनोजो, तामावाशी, आबी. त्यातले चार 12-3 वर. सप्टेंबर 2023 ला ताकाकेईशो 11-4 वर जिंकला; चार हारी, आणि तरी चषक! तिथेही पुढे होता तो आतामीफुजी, शेवटच्या दिवशी हरून केत्तेईसेनला आला, ताकाकेईशो ताचीआईलाच बाजूला सरला आणि पोरगं तोंडघशी पडलं. ओझेकीने असं करावं का यावर दादाशी झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. माझं मत तेच आहे, करू नये. नियमात बसतं, ते माहीत आहे. तरी करू नये. जानेवारी 2025 ला होशोर्यू 12-3, तीन हारी डोक्यावर घेऊन तिघांच्या केत्तेईसेनमधून वर आला आणि योकोझुना झाला.

म्हणजे आज जो एकटा पुढे आहे तो आणखी दोनदा पडणार असं धरूनच चालायला हवं. नवव्या ते पंधराव्या दिवसात सात झुंजी, त्यातल्या पाच जिंकल्या तरी पुरतं. पाच. हे असं मांडलं की गोळा जरा खाली उतरतो. मग पहिली हार आली की जीव जाणार नाही, ती खर्चाला काढून ठेवलेलीच आहे. दुसरीही. तिसरी आली तर बघू. आपल्याकडच्या मैदानात एक कुस्ती चितपट झाली की निकाल लागतो, गदा खांद्यावर, फेटा डोक्यावर, विषय संपला. इथे पंधरा दिवस रोज थोडं थोडं मरायचं, तेव्हा कुठे 29 किलोचा चषक उचलायचा.

दादाला शेवटी उत्तर पाठवलं : "अजून दोन हारेल." त्याचा लगेच उलट मेसेज, "तुझा माणूस आहे ना?" होय, म्हणूनच.

पुढच्या रविवारचं आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर दरवेळी होतो तसा घोळ होतो. सेनशुराकूला (शेवटच्या, पंधराव्या दिवशी) बक्षीस समारंभ आणि गरज पडली तर केत्तेईसेन, म्हणून सगळं वेळापत्रक अर्धा तास अलीकडे येतं. आपल्या घड्याळात शेवटची झुंज दोनच्या आत आटोपते. आईला सांगायचं, भात लवकर टाक. दीडनंतर कुणी हाक मारली तर मी घरात नाही.