स्पेक्ट्रम १२८ वर बँक बदलताना

सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम १२८ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर मेमरीचे १६ किलोबाइटचे (के) तुकडे, म्हणजे बँका, आलटून-पालटून वापराव्या लागतात. डेसिबेल्स कंपनीने भारतात आणलेल्या ४८ केच्या स्पेक्ट्रम प्लसवर हा प्रश्नच नव्हता. १२८ के हाती आली की झेड ८० या प्रोसेसरची मर्यादा कळते: त्याला एका वेळी ६४ के मेमरीच दिसते. पहिली १६ के रॉमची, म्हणजे न बदलणाऱ्या मेमरीची. १६३८४ या पत्त्याला कायम बँक ५, ३२७६८ ला कायम बँक २. बदलते ती फक्त ४९१५२ पासूनची जागा.

ती बदलते पोर्ट ३२७६५ मधून, म्हणजे त्या नंबरच्या दाराने हार्डवेअरला आकडा पाठवून. खालच्या तीन बिटांत बँकेचा नंबर. त्यात ८ मिळवले की पडद्यावर बँक ५ ऐवजी ७ दिसते, १६ मिळवले की ४८ केची रॉम लागते. ३२ चुकूनही गेले तर रीसेट करेपर्यंत पेजिंग (बँक बदलणं) बंद.

हे पोर्ट वाचता येत नाही. मूळ १२८ वर वाचायला गेलात तर सर्किटला वाचणं आणि लिहिणं यातला फरकच कळत नाही. बसवर (आकडे वाहणाऱ्या तारांवर) जे असेल ते पोर्टात शिरतं आणि मशीन लटकतं. म्हणून शेवटच्या किमतीची प्रत मेमरीत २३३८८ ला ठेवायची.

मशीन कोडमध्ये क्रम असा: डीआय (इंटरप्ट, म्हणजे मधेच येणारे व्यत्यय, बंद). २३३८८ मधली किंमत ए या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या कप्प्यात), २४८ शी अँड (खालचे तीन बिट पुसायला), नव्या नंबराशी ऑर (तो नंबर घालायला). ती आधी २३३८८ ला लिहा, मग बीसी रजिस्टरमध्ये ३२७६५ घेऊन आऊट (पोर्टला पाठवा), शेवटी ईआय (इंटरप्ट पुन्हा चालू). डीआय विसरून क्रमही उलटा केलात, तर मधेच आलेलं इंटरप्ट रूटीन शिळ्या प्रतीवरून जुनी बँक परत लावून जातं. असा बग कधीतरीच दिसतो, म्हणूनच तो छळतो.

हे रूटीन आणि स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची जागा) ४९१५२ च्या खालीच हवेत. साकवावर उभं राहून त्याचीच फळी काढायची नसते. बेसिकमध्ये क्लिअर ३२७६७ देऊन कोड ३२७६८ पासून ठेवा. स्टॅक बँक ५ मध्ये जातो, यूएलए या पडदा रंगवणाऱ्या चिपमुळे जरा मंदावतो, पण चालतं. आयएम २ या इंटरप्ट पद्धतीचं टेबल बरेच जण सवयीने ६५०२४ ला ठेवतात. बँक बदलली की तेही गेलं. त्याऐवजी ४८६४० पासून २५७ बाइट १८९ ने भरा, आय रजिस्टरमध्ये १९०, हँडलरची उडी ४८५७३ ला.

वेग हवा असलेला कोड बँक ० किंवा २ मध्ये. १२८ वर १, ३, ५, ७ या बँका यूएलए अडवते, नंतरच्या स्पेक्ट्रम प्लस ३ वर ४ ते ७. ० आणि २ दोन्हीकडे मोकळ्या.

रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत आणखी एक शंका येते: बग की हिरवा पडलेला एज कनेक्टर (मशीनच्या मागचा उघडा जोड)? बग बहुतेक वेळा ठरलेल्या जागी मारतो, खराब संपर्क कुठेही. वीज बंद करून कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग प्रत्येक बँकेच्या ४९१५२ ला तिचाच नंबर लिहून सगळ्या पुन्हा वाचा. बँक ५ ला पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात ठिपके उमटतील. बँक २ मात्र वगळा: तिथे ४९१५२ म्हणजेच ३२७६८, तुमच्या कोडचा पहिला बाइट. बँक ७ मध्ये १२८ च्या एडिटरचा पसारा असतो, त्यामुळे चाचणी झाली की बेसिकमध्ये परतू नका, सरळ रीसेट करा.