पिल्लांवरची मरळ

मरळ मासा धरायचा गळ लावलेला साडेतीनशे रुपयांचा रबरी बेडूक, म्हणजे आमचा लूर, तिसऱ्याच फेकीत पाण्याखाली कशात तरी अडकला. झुडूप असेल म्हणून दांडी डावीकडे-उजवीकडे करून पाहिली, दोर सैल सोडला, शेवटी इरेला पेटून ओढला. तर वीस-पंचवीस फुटांवर थर्माकोलच्या तुकड्यांची रांगच्या रांग हलली. जाळं! कमळाच्या पानांच्या अगदी कडेने, मरळ जिथे दबा धरून बसते नेमकं तिथून, पार त्या टोकापर्यंत लावलेलं. ज्या कोपऱ्यासाठी मी नागपुरात पहाटे साडेतीनला उठलो होतो, तो कोपरा कोणीतरी आदल्या संध्याकाळीच शिवून टाकला होता.

तलावाचं नाव लिहीत नाही. गळवाल्यांचा हा जुना चिक्कूपणा आहे, आपली जागा सख्ख्या भावालाही सांगायची नाही. नवेगावबांधपासून फार लांब नाही, एवढं पुरे. आईचं माहेर तिथलं, मामा अजून तिथेच धान लावतो, त्यामुळे राहण्याखाण्याचा प्रश्न नव्हता. मागच्या वेळी हट्टाने लॉजवर राहिलो होतो आणि रात्रभर ढेकूण मोजले होते. सोबत माझा बँकेतला दोस्त होता. त्याला मासे पकडण्यापेक्षा माशांबद्दल बोलण्याचा नाद जास्त. साकोलीला तर्री-पोहे खाल्ले. ही तर्री नागपूरची नव्हे, यावर तो पुढे अर्धा तास बोलला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचे रोवणे चालू होते, बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या, आणि आम्ही गाडीच्या टपावर दांड्या बांधून शौक करायला निघालेले. त्या वेळी यात काही खटकलं नाही, हेही सांगून टाकतो.

तर जाळं. मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा राहून मोठ्याने जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात पलीकडून एक डोंगा आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला दुपट्टा, एका हाताने वल्हवत दुसऱ्या हाताने जाळं उचलत. माझ्या समोर थांबला, बेडूक सोडवला आणि उंच धरून म्हणाला, "तुमचाच हाये का जी?"

माझाच होता. त्याने काठाला डोंगा लावून तो माझ्या हातात दिला, आणि मग जाळ्याचा तेवढा भाग उलगडून दाखवला. तंगुसाच्या बारीक धाग्याचं जाळं, माझ्या दोन गळांनी आणि माझ्या रागाने हातभर फाटलेलं. ओरडला नाही. फक्त, "फाटलं ना जी," म्हणाला. मी खिशातून दोनशे काढले. तो नको म्हणेल असं मला वाटलं होतं. त्याने घेतले, दुपट्ट्याच्या टोकाला बांधले आणि पुढे गेला.

दोस्ताचं म्हणणं पडलं की आपण दंड भरला. माझं म्हणणं, लूर परत मिळाला. दिवसभरात दोघांना मिळून तळहाताएवढे तीन मासे लागले, तेही सोडून दिले.

पण मला खरा राग आला तो दुपारी. पावसाचं पाणी ज्या नाल्याने तलावात येतं, तिथे आम्ही सावलीला गेलो. नाल्याच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी जाळी ताणलेली, मच्छरदाणीसारखी, करंगळी जाणार नाही इतकी बारीक. पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात, पोटात अंडी घेऊन वाहत्या पाण्याच्या उलट वर जातात. ते या जाळीत, आणि वरून पिल्लं खाली उतरायला लागली की तीही याच जाळीत. एका कोपऱ्यात पाणकावळा अडकून मेलेला होता. मुंग्या लागल्या होत्या. समुद्रावर निदान १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हा जुलैचा पहिला आठवडा होता आणि इथे पावसाळ्याच्या दारातच जाळी लावलेली. मी फोटो काढले. डोक्यात लेखाचं शीर्षकसुद्धा तयार झालं, फार तिखट होतं.

रात्री अंगणात जेवायला बसलो. मामीने लाखोळीच्या डाळीचे वडे केले होते आणि मासोळीचा रस्सा. दोस्त म्हणाला, "मामा, १८९७ मध्येच इंग्रजांनी कायदा केला होता. सुरुंग लावून नाहीतर विष टाकून मासे मारणं गुन्हा आहे." मामाने भाताचा ढीग फोडत विचारलं, "धानावर औषध फवारतो ते बांधीतून, धानाच्या वावरातून, वाहून तलावातच जाते. ते कोनत्या कायद्यात बसते, बापा?" दोस्त वड्याकडे वळला.

मामा ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचा, नाही, तळी बांधणाऱ्या शेतकरी कोहळी समाजाचा आहे, आणि ही तळी आपल्या पूर्वजांनी बांधली याचा त्याला भारी अभिमान. खोटा नाही तो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे साडेसहा-सात हजार मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळचे, तलाव आहेत, त्यांतले कित्येक दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे, मातीची पाळ आणि पाणी सोडायला तुडूम, बस. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळ्याने बांधला असं इकडे शेंबडं पोरही सांगतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, मामाच्या लेखी तिथूनच सगळं बिघडलं. आता पाणी शेतीचं आणि मासोळी ढिवरांच्या सोसायटीची. सोसायटी तलाव ठेक्याने घेते, सरकारात पैसे भरते आणि दर पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडते.

या बोटुकलीपाशी माझी पंचाईत झाली. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. अंडी घालायला त्यांना वाहतं पाणी लागतं, बंद तळ्यात त्यांची वीण होत नाही. म्हणजे इथला प्रत्येक रोहू कोणीतरी बोटाएवढा असताना पैसे मोजून आणलेला. गेली सहा-सात वर्षं मी या पाण्यातून जे रोहू काढले, मिशीवर हात फिरवत फोटो काढले, ते सोसायटीच्या खात्यातले होते. मला कोणी कधी हटकलं नाही, कारण मी अमक्याचा भाचा.

"पण मरळ कोणी सोडत नाही ना?" मी विचारलं.

"मरळ आपआपली येते," मामा म्हणाला. "तिचा मालक कोनी नाही."

झालं. मला एवढंच ऐकायचं होतं. मालक नसलेली मासोळी, तिच्यावर जेवढा जाळ्याचा हक्क तेवढाच माझ्या गळाचा. आणि माझा गळ सभ्य: एका वेळी एक मासा, जाळ्यासारखा सरसकट घास नाही. या विचारावर मला फार गाढ झोप लागली. मच्छर असूनही.

दुसऱ्या दिवशी मोठा तलाव सोडून आम्ही मामाच्या बांध्यांमागच्या बोडीवर गेलो. बोडी म्हणजे लहान तळं, चारी बाजूंनी बेशरमाची झुडपं, मध्ये थोडं उघडं पाणी. कोणाचं जाळं नाही. सकाळचे साडेसहा, आभाळ भरलेलं, पाणी काचेसारखं. आणि काठापासून जेमतेम तीन-चार हातांवर पाण्यात एक लालसर डाग. मूठभर कुंकू सांडल्यासारखा. तो डाग हलत होता. मध्येच पृष्ठभागावर बारीक बुडबुडे उठायचे, पाऊस पडल्यासारखे, आणि परत शांत.

मला माहीत होतं ते काय आहे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर दोस्ताला मी माहीत नव्हतं असं सांगितलं. मरळीची पिल्लं लहानपणी अशी लालकेशरी असतात, शेकड्यांनी एका गोळ्यात फिरतात. मरळ हवेतला श्वास घेणारी जात, म्हणून पिल्लंही सारखी वर येतात, म्हणून ते बुडबुडे. आणि गोळ्याच्या खाली आईबाप असतात, राखणीला. कित्येक आठवडे. त्या दिवसांत ती भुकेसाठी गळ धरत नाहीत. पिल्लांजवळ जे येईल त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून तर प्रत्येक गळवाल्याला तो लाल डाग शोधायचा असतो. एवढा पक्का मासा दुसरा नाही.

मी बेडूक डागाच्या पलीकडे टाकला आणि हळूहळू डागावरून ओढत आणला.

पाणी फुटलं. दुसरा शब्द नाही. दांडी वाकली, रीळ किंचाळलं, बेशरमाच्या मुळात शिरायचा तिचा एकच प्रयत्न आणि माझाही एकच, शिरू न देण्याचा. दोन मिनिटांत ती काठावर होती. दोन किलोला थोडी कमी, सापासारखं डोकं, काळं अंग, पोट पिवळट पांढरं. चिखलात उड्या मारत होती. मी वेड्यासारखा ओरडत होतो. दोस्ताने फोटो काढला.

मागे बेशरम तोडत एक म्हातारी उभी होती. कधीची होती कोण जाणे. काष्ट्याचं लुगडं, हातात कोयता. इकडे काही गावांत ढिवर बायकांनी गट करून तळ्यांतलं बेशरम उपटलं आहे, मासोळीला लागणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या आहेत, हे मी वाचलं होतं. ही त्यांतलीच की चुलीसाठी तोडत होती, विचारलं नाही.

"काढली का जी मरळ?"

"हो आजी. बघा केवढी!"

तिने मरळीकडे बघितलंच नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "पिल्लांवरची काढली ना."

मी म्हटलं, "दोघं असतात ना राखायला, नर आणि मादी. एक आहे अजून."

"एक हाये," ती म्हणाली. "एक तुमच्या थैलीत हाये."

डाग आता गोल नव्हता. लांबट झाला होता, एका बाजूने विस्कटलेला, आणि त्या बाजूला पाण्यात काहीतरी बारीक बारीक चमकून जात होतं. "दुसऱ्या मासोया खातीन आता त्याइले," आजी म्हणाली. आवाजात राग नव्हता, उद्या पाऊस येईल म्हणावं तसं. मला आपली बाजू मांडायची फार घाई झाली. मी नाल्यावरच्या हिरव्या जाळीचं काढलं. म्हटलं, आम्ही एकेक मासा काढतो आजी, तिथे बघा, लाखो पिल्लं मारतात, त्यांना कोणी काही बोलत नाही.

"ते माह्या पुतन्याचं हाये," ती म्हणाली. "बोलते मी त्याले. आयकत नाही."

आणि बेशरमाचा भारा डोक्यावर घेऊन बांधीच्या धुऱ्याने निघून गेली.

मरळ सोडावी का, हा विचार तेव्हा आला. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जगते, बाजारात टबात जिवंत विकतात ती त्यामुळेच. सोडता आली असती. पण दोन्ही गळ घशात खोल गेले होते आणि चिमट्याने काढताना रक्त फार आलं होतं. हे कारण खरं आहे. मामीने ती कांदा-खोबऱ्याच्या वाटणात केली, हेही खरं. मी दोनदा रस्सा वाढून घेतला.

त्या हिरव्या जाळीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ती जाळी नको. ज्यांनी बोटुकलीला पैसे घातले त्यांचंही नुकसान त्याच जाळीत होतं, हे डोंग्यावाल्यानेच निघायच्या दिवशी सांगितलं. त्यांच्या सोसायटीत यावरून भांडणं आहेत. ज्यांच्याकडे डोंगा नाही, मोठं जाळं घ्यायला पैसे नाहीत, ते नाल्यावर बसतात. हातभर जाळं त्याने तोवर शिवून टाकलं होतं. जोड कुठे आहे ते दाखवलं, मला तरी दिसली नाही. मग माझ्या रिळाला हात लावून किंमत विचारली. बत्तीसशे म्हटल्यावर हसला आणि दोस्ताकडे बघून म्हणाला, "मासोळी इकत घेतली असती तं पुरी सोसायटी जेवली असती."

परतीचं काही सांगण्यासारखं नाही. भंडाऱ्याला पाऊस, नागपूरला ट्रॅफिक.

फोटो अजून फोनमध्येच आहे. ग्रुपवर टाकला नाही, काढूनही टाकला नाही. चांगला आला आहे.

काल मामाचा फोन होता. म्हणाला, दिवाळीनंतर सोसायटी मोठं जाळं ओढणार आहे, पाळीवरच ताजी मासोळी मिळते, ये. येतो म्हटलं. दांडी आणू का, तेवढं विचारायचं राहिलं.