लष्करातली क्रेडिट्स कॉलेजात नेताना

अमेरिकी लष्करात मी चार वर्षं मेडिक, म्हणजे जखमींवर पहिले उपचार करणारी सैनिक होते. भरती झाले तेव्हा हातात ग्रीन कार्ड होतं, नर्सिंगच्या फीचे पैसे नव्हते.

आमच्या एका सार्जंटबाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "जीआय बिलला आत्ता हात लावू नकोस. नोकरीत आहेस तोवर ट्यूशन असिस्टन्स वापर." जीआय बिल ही माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणारी सरकारी योजना, तर ट्यूशन असिस्टन्स ही नोकरीत असतानाची फी-मदत. त्यात क्रेडिटमागे, म्हणजे पदवीसाठी जमवायच्या दर श्रेयांकामागे, २५० डॉलरपर्यंत फी लष्कर भरतं, सीपेक्षा कमी ग्रेड आली तर ते पैसे परत करावे लागतात. क्लेप, म्हणजे वर्गात न बसता विषयाची क्रेडिट्स मिळवून देणारी परीक्षा, पहिल्या प्रयत्नाला मोफत होती. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र मी तशीच पार केली.

खरा झगडा जेएसटीचा, म्हणजे लष्करी प्रशिक्षणाच्या अधिकृत उताऱ्याचा (जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट). लष्करातल्या प्रशिक्षणाला किती क्रेडिट्स द्यावीत, याची अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस या उताऱ्यावर असते. पण ती शिफारसच; द्यायचं की नाही ते कॉलेज ठरवतं. माझ्या कॉलेजनं फोर्ट सॅम ह्यूस्टन या लष्करी तळावरच्या १६ आठवड्यांच्या मेडिक प्रशिक्षणाची सगळी क्रेडिट्स 'ऐच्छिक'मध्ये टाकली. बेरीज वाढली, पदवीचा एकही विषय कमी झाला नाही. फार लागलं मला ते. वाहतं रक्त थांबवायला मी तिथे शिकले होते! प्रशिक्षणाचा तपशील छापून विभागप्रमुखांना तीनदा भेटले, तेव्हा तातडीच्या उपचारांचा एक विषय माफ झाला. शरीररचनाशास्त्र पहिल्यापासून शिकावं लागलं, आणि ते योग्यच होतं. तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल तर प्रवेशाआधीच लेखी घ्या: कुठलं क्रेडिट कुठल्या विषयाच्या जागी धरणार?

बाहेर पडल्यावर जीआय बिल. ३६ महिने सक्रिय सेवा झाली होती, म्हणून पूर्ण हक्क मिळाला: राज्याच्या सरकारी कॉलेजची फी परस्पर कॉलेजला, पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत, शिवाय घरभत्ता. सगळे वर्ग ऑनलाइन घेतले तर हा भत्ता देशाच्या सरासरीच्या निम्मा होतो, म्हणून एक वर्ग मी कायम कॉलेजात जाऊनच केला. सेमिस्टरमधल्या सुट्टीचा भत्ता मिळत नाही. पहिल्या डिसेंबरात भाडं द्यायला बाबांकडून पैसे घ्यावे लागले.

आता दर महिनाअखेर जीआय बिलचा फोनवर मेसेज येतो, अजून शिकताय का? उत्तर द्यायचं सलग दोन महिने राहिलं तर भत्ता थांबतो. आईनं ती तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.