गोळ्या वाढत गेल्या, ड्राय वेट तेच राहिलं

काकांना डायलिसिस मशीनला लावून दीड तास झाला आणि बीपी १८० वरून ८० वर आलं. घामाघूम झाले, पोटऱ्यांत गोळे आले. यूएफ, म्हणजे मशीनने अंगातलं पाणी ओढणं, बंद केलं, पाय वर घेतले, सलाईन सोडलं. म्हणजे जे पाणी काढायचं, तेच परत आत. चार किलो काढायचे होते, जेमतेम दोन निघाले.

आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये बहुतेक जण आठवड्यातून दोनदाच येतात. योजनेत डायलिसिस फुकट असलं तरी गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार?

काकांच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत १५ मिलिमीटर आली होती. एरवी ती १० च्या आसपास असते. त्यावर बाहेरच्या डॉक्टरांनी बीपीची चौथी गोळी वाढवली. पिशवीत अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटोप्रोलॉल आणि आता क्लोनिडिन. काकू चारही सकाळी देत. मेटोप्रोलॉल डायलिसिसमध्ये धुऊन जाते. बाकीच्या अंगात राहतात आणि ऐन मशीनवर बीपी पाडतात. मग पाणी निघत नाही, घरी बीपी चढतं, की आणखी एक गोळी.

फायलीत ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी निघाल्यावर उरायला हवं ते वजन, ५८ किलो, न्यूमोनियाच्या आधीचं. त्या आजारात काकांची कानशिलं बसली, दंड सुकले. मांस गेलं, त्या जागी पाणी भरलं. काट्यावर आकडा तोच. पायाला सूज नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही. काकू बोलता बोलता म्हणाल्या, "हल्ली झोपताना तीन उशा लागतात." आडवं झाल्यावर दम लागतो, म्हणजे पाणी छातीत साठतंय. मी तिथूनच नेफ्रोलॉजिस्ट (किडनीतज्ज्ञ) सरांना फोन लावला.

सरांनी गोळ्या रात्रीवर नेल्या, मशीनचं तापमान ३६ वर आणलं, वेळ अर्ध्या तासाने वाढवली आणि दर खेपेला ड्राय वेट तीनशे ग्रॅमने उतरवायला सांगितलं. काका आज ५४.५ वर आहेत, गोळ्या दोन.

गोळ्या निरुपयोगी आहेत असं मुळीच नाही. अमेरिकेत डायलिसिसवरच्या, हृदय जाड झालेल्या रुग्णांत लिसिनोप्रिल आणि अ‍ॅटेनोलॉल या बीपीच्या गोळ्यांची तुलना झाली, २०१४ मध्ये छापून आली. जाडी दोन्हींत सारखीच उतरली. पण लिसिनोप्रिलवाल्यांना हृदयाचे त्रास जास्त झाले, म्हणून चाचणी आधीच थांबवली. त्यांचं बीपी आवरायला जादा गोळ्या लागल्या आणि ड्राय वेटही जास्त उतरवावं लागलं.

पुढचा इको व्हायचाय. भिंत उतरायला महिने लागतात, सगळ्यांची उतरतेच असंही नाही. काकांची जुनी प्रिस्क्रिप्शन्स मी पुन्हा चाळली. बीपी प्रत्येकीवर आहे, वजन एकीवरही नाही.