फ्लँज बोल्टला साध्या हेक्सचा टॉर्क चार्ट लावू नका

मेंटेनन्स आणि असेंब्लीवाल्या मंडळींना कळकळीने सांगतो, फ्लँज बोल्ट म्हणजे वॉशर चिकटवलेला साधा हेक्स (षटकोनी डोक्याचा) बोल्ट नव्हे. डोक्याखाली एक गोल कडा जास्त आहे एवढंच दिसतं, पण त्याने हिशोबच बदलतो.

एम8 म्हणजे 8 मिमी जाडीचा बोल्ट घ्या, मजबुतीचा ग्रेड 8.8. नीट आवळला की साधारण 16 किलोन्यूटनने जोड दाबून धरतो, म्हणजे दीड टनाहून जास्त! साध्या हेक्सला, 9 मिमीचं भोक वजा जाता, टेकायला जेमतेम 42 चौरस मिमी जागा उरते, म्हणजे दाब झाला 380 मेगापास्कलच्या आसपास आणि माइल्ड स्टील तर 250 लाच दबायला लागतं, मग डोकं रुतणार, बोल्टमधला ताण उतरणार आणि बोल्ट जराही न फिरता जोड ढिला पडणार. फ्लँजमुळे हीच जागा जवळपास तिप्पट होते. म्हणून तर अॅल्युमिनियमचं गिअरबॉक्स हाउसिंग, पत्र्याचे ब्रॅकेट, लांबट भोकं असलेल्या फ्रेम अशा ठिकाणी तो हवाच. शिवाय वॉशर हरवायची, विसरायची भानगड नाही, लाइनवर हे फार मोलाचं असतं.

आता टॉर्कचं, म्हणजे बोल्ट आवळताना लावलेल्या फिरवणाऱ्या जोराचं. आपण जेवढा टॉर्क देतो त्यातला ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत, उरलेल्या दहा टक्क्यांवर जोड आवळला जातो. फ्लँजमध्ये डोक्याखालचं घर्षण सेंटरपासून लांब होतं, त्यामुळे तेवढाच ताण आणायला टॉर्क जास्त लागतो. साध्या हेक्सचा चार्ट बघून आवळलं तर टॉर्क रेंच कट् करून वाजतो, सगळ्यांना वाटतं झालं काम, पण ताण कमीच असतो आणि मग मशीनच्या आडव्या हादऱ्यांनी बोल्ट सुटायला लागतो. हे आडव्या हादऱ्यांचं जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्येच दाखवून दिलंय.

फ्लँजच्या खालच्या बाजूला दाते असलेला प्रकार फिरून सुटायला चांगला विरोध करतो, कारण दाते समोरच्या धातूत रुततात. पण त्याच्याखाली सुटा वॉशर टाकला की दाते वॉशरला धरतात आणि वॉशरच फिरतो, सगळा फायदा गेला. हार्डन केलेल्या पृष्ठभागावर दाते रुतत नाहीत, पेंट केलेल्या भागावर पेंट सोलतात आणि तिथे गंज धरतो, अशा जागी सपाट फ्लँजच वापरा. आणि दात्यांचा बोल्ट खोललात तर परत लावायच्या आधी खालून बोट फिरवून बघा, धार गुळगुळीत झाली असेल तर सरळ नवा लावा.