पंच कार्डांचा माझा अनुभव : ७३व्या कॉलममधला २

सत्तरच्या दशकातली गोष्ट, पण राग अजून गेलेला नाही. तेव्हा फोरट्रान या संगणक भाषेतला प्रोग्राम चालवायचा म्हणजे एकेक ओळ भोकं पाडून एकेका ८० कॉलमच्या कार्डावर पंच करायची, त्या कार्डांचा गठ्ठा रबर लावून संगणक केंद्राच्या खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटआउट घ्यायला यायचं. दिवसाला एकच रन. पंचिंग मला लगेच जमलं. आयबीएम ०२९ या पंचिंग मशीनवर अक्षर चुकलं तर भोक बुजवता यायचं नाही, नवीन कार्ड घालून डुप (नक्कल करायची) की दाबायची, चुकीच्या आधीपर्यंतचं सगळं उतरायचं.

अडकले ते उत्तरात. प्रोग्राम चालला, एररही नाही, पण उत्तर साफ चुकीचं. घरी बसून गणित हाताने तपासलं, बरोबर. मग डेटाची सगळी कार्डं पुन्हा पंच केली, दुसऱ्या दिवशी तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी खिडकीत विचारलं तर 'मशीन बरोबर आहे, तुमचं बघा' एवढंच, आणि गठ्ठा परत. लिस्टिंग, म्हणजे प्रोग्रामची छापील प्रत, मी दहा वेळा वाचलं असेल, एका ओळीच्या शेवटी X12 हे व्हेरिएबल छान छापलेलं दिसत होतं!

चौथ्या दिवशी कंटाळून त्या X12 च्या ओळीचं कार्ड हातात घेतलं आणि खाली बारीक छापलेल्या कॉलम नंबरांवरून नख फिरवत गेले. X ७१ मध्ये, 1 ७२ मध्ये, आणि 2 चं भोक ७३ वर. फोरट्रानचं स्टेटमेंट तेव्हा ७ ते ७२ मध्येच बसवावं लागायचं, पुढचे आठ कॉलम कंपायलर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा) बघतच नसे, लिस्टिंगमध्ये मात्र छापायचा. माझं X12 त्याच्यासाठी X1 होतं, आणि X1 नावाचं व्हेरिएबल प्रोग्रामात आधीच होतं, मग एरर येणार कुठून?

सूचनांच्या कागदावर ही एक ओळ असती तर माझे चार दिवस वाचले असते. कारण नंतर कळलं, फोरट्रान आधी ज्या आयबीएम ७०४ वर आलं त्याचा रीडर कार्डातले ७२च कॉलम वाचायचा, म्हणजे कार्डाच्या एका आडव्या ओळीचे ३६ बिटांचे दोन वर्ड (मशीन एका वेळी हाताळायचं तेवढा डेटा). ते मशीन गेलं, नियम राहिला.

तोडगा सोपा, ओळ लांब झाली की पुढच्या कार्डावर ६व्या कॉलममध्ये शून्य सोडून काहीही पंच करून ती पुढे चालू ठेवायची. पाचव्या दिवशी उत्तर बरोबर आलं, तेव्हा तो प्रिंटआउट मी खिडकीसमोरच उभं राहून वाचला.

आणि हो, ७३ ते ८० मध्ये तेव्हा कार्डांचे नंबर टाकायचे, दहादहाच्या अंतराने, म्हणजे मध्ये नवीन कार्ड घालता यायचं. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनाने तिरकी रेघही मारायची, कार्डं हातातून पडली तरी ती रेघ जुळवत क्रम पुन्हा लावता यायचा.